तेरानं गेलं

हयवदनराव सरांना गणिताला कागद लागत नसे, अशी त्यांची ख्याती. आणि खरं सांगायचं तर या ख्यातीनंच त्यांचा घात केला. जयनगरच्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं गणित शिकवलं माणसानं. चार आकडी गुणाकार असो नाहीतर वर्गमूळ, डोळे मिटायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि उत्तर सांगून मोकळे. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. लग्नाच्या पंगतीत शेजारचा म्हणायचा, "सर, माझी जन्मतारीख सांगतो, वार कुठला ते सांगा," आणि सर हातातला घास तसाच ठेवून वार सांगायचे. लोक वा वा करायचे. सर म्हणायचे, "त्यात काय विशेष?" पण चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला कळायचं, या माणसाला जेवणापेक्षा हे जास्त गोड लागतंय.

जयनगरात आपल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. पुण्या-मुंबईहून परवा आलेल्यांचं नव्हे. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं कानडी मुलखात येऊन राहिलेल्या घराण्यांचं. यांची देवाची आरती मराठीत, भांडण मराठीत आणि पाढे मात्र कानडीत. शाळा कानडी असल्यावर दुसरं काय होणार? सरसुद्धा पुटपुटायचे ते कानडीतनंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे हॉलवर जमायचे आणि त्या जमलेल्यांत सरांचा शब्द म्हणजे शेवटचा. पंचांगातली तिथी असो, पोराला कॉलेजात कुठल्या साइडला घालायचं ते असो, "सरांना विचारलं का?" एवढा प्रश्न आला की चर्चा संपली. ही मंडळातली रीतच होती आणि सरांना ती फार मानवली होती.

तर या मंडळात सुनंदाबाई म्हणून एक होत्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास. फोर्थ ब्लॉकच्या बाजारात त्यांचं मॅचिंगचं दुकान. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, दोऱ्यांची रिळं. नवरा गेल्यापासून दुकान त्याच बघायच्या. मोजकं बोलायच्या. गिऱ्हाइकाला ट्यूबलाइटखाली कधी रंग सांगायच्या नाहीत. साडी उचलून पायरीवर यायच्या, उन्हात धरायच्या, दोन-तीन कापडं लावून बघायच्या आणि मगच म्हणायच्या, "सरी, हे जुळतं." सरी म्हणजे कानडीत बरोबर, ठीक. मंडळातही मागच्या रांगेत बसायच्या. या बाईला वह्याच्या वह्या भरून आकडेमोड करायचा नाद असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्या वर्षी मंडळानं ठरवलं, छंदांची एक संध्याकाळ करायची. प्रत्येकानं दहा मिनिटं स्टेजवर यायचं आणि आपला छंद दाखवायचा. सेक्रेटरी गुरुदत्त. मनुष्य सज्जन, पण नियमाचा भारी सोस. त्यानं नियम काढला, जो जे दाखवणार ते आधी जाणकारानं बघून दिलं पाहिजे. गाणं म्हणणाऱ्यांनी गाण्याच्या बाईंना ऐकवायचं, आणि सुनंदाबाईंनी नावापुढं 'गणित' असं लिहिल्यावर त्यांनी कुणाकडं जायचं हे काय सांगायला हवं?

पहिल्या रविवारी सभा संपल्यावर कॉफी चालली होती. दहा-पंधरा जण सरांच्या भोवती. तिथं सुनंदाबाई कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीतनं त्यांनी लेस गुंडाळायचं पुठ्ठ्याचं एक गोल चाक काढलं आणि पाठोपाठ दोन जाडजूड वह्या. चाकाच्या कडेनं स्केचपेननं सहा आकडे लिहिलेले होते.

"सर, प्राइम नंबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पहिला आकडा उचलून शेवटी ठेवायचा. परत पहिला उचलायचा, शेवटी ठेवायचा. असं सहा वेळा फिरवलं तरी प्रत्येक वेळी प्राइमच राहतो. मी सगळे भागून बघितलेत. स्वल्प बघता का?"

प्राइम म्हणजे मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कुठल्याच संख्येनं जिला पूर्ण भाग जात नाही ती. सात, अकरा, तेरा, सतरा. असल्या संख्या लहान असताना दाटीनं भेटतात आणि पुढं पुढं विरळ होत जातात. त्यातनं जिचे आकडे कसेही गोल फिरवले तरी जी मूळच राहते, अशी सहा आकडी संख्या हातानं शोधायची म्हणजे चेष्टा नाही. हे सरांना सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणूनच खरं तर त्यांनी वही उघडायला हवी होती.

"वह्या राहू द्या हो बाजूला," सर म्हणाले. "आकडा सांगा नुसता."

"एक नऊ तीन नऊ तीन नऊ."

सरांनी कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. सर डोक्यात आकडे फिरवू लागले. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. मग डोळे उघडून ते मनापासून हसले.

"बाई, हा बघा तुमचा आकडा फिरवल्यावर कसा होतो. एकोणचाळीस, तेरा, एकोणचाळीस. तीन लाख एक्क्याण्णव हजार तीनशे एकोणचाळीस. एकोणचाळीस म्हणजे तेरा त्रिक. मधला तर स्वतःच तेरा. तिन्ही तुकडे तेराच्या पाढ्यातले! अहो, दुसरीतलं पोरगं सांगेल. तेरानं गेलं की हो तुमचं!"

हशा पिकला. फत्तेसिंग म्हणून मंडळाचे एक जुने सभासद आहेत, आवाज असा की रस्त्यापलीकडं ऐकू जावा. ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. "अक्का, तेराचा पाढा राहिला वाटतं शाळेत!"

सुनंदाबाईंनी चाकाकडं बघितलं. कडेनं बोट फिरवलं, एकदा, परत एकदा. मग तोंड उघडलं. पण भोवतीची हसणारी तोंडं बघितली, सरांचा खुललेला चेहरा बघितला आणि उघडलेलं तोंड मिटलं.

"हो सर," त्या म्हणाल्या. वाकून त्यांनी सरांना नमस्कार केला, चाक आणि वह्या पिशवीत घातल्या आणि निघाल्या. गुरुदत्तनं यादीतलं त्यांचं नाव खोडलं. रिकाम्या जागी काय घालायचं असा प्रश्न पडला, तेव्हा सगळे म्हणाले, सरांनीच बोलावं, गणितातल्या गमती. सर म्हणाले, "नको हो, माझं काय?" आणि लगेच कबूल झाले.

पुढचे तीन आठवडे हा किस्सा सरांनी किती जणांना सांगितला, त्याची गणती नाही. सकाळी पार्कात फिरताना सांगितला, संध्याकाळी दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या कॉफी पिताना सांगितला. मारतहळ्ळीत राहणाऱ्या मुलाला, प्रणीतला, फोनवर सांगितला. मुलगा कंप्युटरवाला. तो नुसता "हं, हं" करत राहिला. दरवेळी सरांचं डोकं जास्त चपळ होत गेलं आणि बाई जास्त बावळट होत गेल्या. बाजारात तर दुकानावरनं जाणारे-येणारे विचारू लागले, "काय अक्का, तेराचा पाढा झाला का पाठ?" सुनंदाबाई हसायच्या आणि कापड फाडायला लागायच्या.

कावेरीबाई, सरांच्या पत्नी, एकदा फॉल आणायला गेल्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "पुरे करा आता तो किस्सा. त्या बाईला काय वाटत असेल?"

"अगं, तिला काही वाटत नाही. हसत असते," सर म्हणाले.

"बायका कशाला हसतात ते तुम्हाला कुठं कळतंय," असं म्हणून त्या आत गेल्या. सरांनी अंगाला लावून घेतलं नाही.

छंदांची संध्याकाळ आली. हॉल भरला. सुनंदाबाई चौथ्या रांगेत बसल्या होत्या. सरांनी आधी प्राइम म्हणजे काय ते समजावलं. मग पांढऱ्या फळ्यावर ११९३ लिहून फिरवून दाखवलं, १९३१, ९३११, ३११९. "चारही प्राइम," सर म्हणाले. "आणि बघा, असल्या मोठ्या आकड्यात दोन, चार, सहा, आठ, शून्य चालत नाहीत, पाचही चालत नाही. कारण फिरता फिरता तो कधीतरी शेवटी येणार आणि दोननं नाहीतर पाचनं भाग जाणार. राहिले एक, तीन, सात आणि नऊ. चारच पत्ते, त्यावरच सगळा डाव." सांगायची हातोटी होती माणसाकडं. पोरंसोरंसुद्धा ऐकत होती.

मग सर किश्श्यावर आले. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, अर्ध्या माना आपोआप चौथ्या रांगेकडं वळल्या. "आमच्या एक भगिनी आहेत," सर म्हणाले, "त्यांनी एक आकडा शोधला." आणि त्यांनी फळ्यावर १९३९३९ लिहिला. आजपर्यंत हा आकडा त्यांनी कागदावर काही लिहिला नव्हता. लोकांना गंमत नीट कळावी म्हणून एकाखाली एक फिरवून लिहू लागले. ९३९३९१. ३९३९१९. ९३९१९३. पाचवी ओळ लिहिली, ३९१९३९, आणि "आता बघा गंमत," म्हणून वळणार तोच त्यांचा हात थांबला.

एकोणचाळीस. एकोणीस. एकोणचाळीस.

मधे तेरा नव्हतेच. एकोणीस होते. सरांनी वरच्या ओळी परत बघितल्या. सहावी ओळ लिहून बघितली, ९१९३९३. तेरा कुठंच नव्हते. या आकड्यात एकापुढं तीन कधी येतच नव्हता, एकापुढं नऊच होता. डोळे मिटून फिरवताना कुठंतरी नवाचा तीन झाला होता, आणि एकोणचाळीसच्या मधे तेरा दिसल्यावर सरांना इतका आनंद झाला होता की परत बघावंसंही वाटलं नव्हतं.

पाठ लोकांकडं होती ते बरं. वळले तर समोर सगळा हॉल हसायच्या तयारीत, आणि चौथ्या रांगेत सुनंदाबाई फळ्याकडं बघत होत्या. फळ्यावरनं त्यांची नजर सरांवर आली. सरांना कळलं आहे हे त्यांना कळलं. आणि त्यांनी काय करावं? मान खाली घातली. जणू चोरी त्यांचीच पकडली गेली होती.

त्या क्षणी सर खरं बोलू शकले असते. "माझं चुकलं," दोन शब्द. बहात्तर वर्षांच्या माणसाला दोन शब्द जड का व्हावेत? पण झाले. तेवढ्यात पुढच्या रांगेतनं फत्तेसिंगांचा आवाज आला, "सर, तेरानं जातो ना तो? दाखवा की कसा जातो!"

"तेरानंच," सर म्हणाले. "पण भागाकार करत बसायची ही वेळ आहे का? भुका लागल्यात सगळ्यांना." आणि त्यांनी डस्टर घेऊन सगळ्या ओळी पुसून टाकल्या.

हशा झाला, टाळ्या झाल्या. आधीची चूक होती. हे खोटं होतं, सरळ सरळ तोंडावर मारलेलं खोटं, आणि ज्या बाईला ते कळत होतं तिच्या डोळ्यांदेखत. गुरुदत्तनं गंधाचा टिळा लावून अंगावर शाल घातली, तेव्हा सरांना वाटलं, आत्ता जमीन फाटली तर बरं होईल. जेवायला बसले नाहीत, पित्त झालंय म्हणून सांगितलं. रिक्षात कावेरीबाई दोनदा म्हणाल्या, "छान झालं हो भाषण," आणि दोन्ही वेळा सरांनी बाहेर बघितलं.

घरी त्यांनी शाल कपाटात कोंबली आणि दुसऱ्या दिवशी वही काढून बसले. प्रणीतला फोन केला असता तर त्यानं कंप्युटरवर निमिषात सांगितलं असतं. पण त्यालाही हा किस्सा फुशारकीनं ऐकवलेला होता, आता कुठल्या तोंडानं विचारणार? म्हणून हातानं सुरुवात केली. सातानं भाग, अकरानं भाग, तेरानं भाग, सतरानं भाग. सहा ओळींतली प्रत्येक ओळ घ्यायची आणि हजाराच्या अलीकडच्या मूळ संख्यांनी लागतील तितक्यांनी भागत जायची. सगळे मिळून आठशेच्या घरात भागाकार. तिसऱ्या दिवशी बोटं आखडली. दोनदा भाग गेला असं वाटून त्यांना आनंद झाला, होय, आनंद झाला, की बाईंचं चुकलंच होतं, आणि दोन्ही वेळा परत करून बघितल्यावर चूक त्यांचीच निघाली. त्या आनंदाची लाज वाटली ती वेगळीच. नवव्या दिवशी शेवटचा भागाकार संपला. कशानंही भाग गेला नव्हता. बाईंचा आकडा साही बाजूंनी खणखणीत होता. आणि हा तर एकच. हा सापडायच्या आधी असे किती आकडे त्या बाईनं भागून भागून टाकून दिले असतील?

दहाव्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, सर दुकानात गेले. हातात कावेरीबाईंची एक साडी घेतली होती, निमित्त हवं म्हणून. सुनंदाबाई उठल्या, साडी घेऊन उन्हात जायला निघाल्या. "राहू द्या," सर म्हणाले. "मॅचिंगला नाही आलो."

"बसा सर," बाई म्हणाल्या आणि स्टूल पुढं केलं.

"तुमचा आकडा बरोबर आहे," सर म्हणाले. "मी सगळे भागाकार केले. माझी चूक झाली. आणि त्या दिवशी स्टेजवर... स्टेजवर मला कळलं होतं."

"हो सर. बघितलं मी."

"आणि पहिल्या दिवशी? तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"लगेच. तुम्ही नऊच्या जागी तीन म्हणालात."

"मग तिथंच का नाही बोललात?"

सुनंदाबाईंनी साडीची घडी उगाचच परत नीट केली. "चारचौघांत तुम्हाला कसं खोटं पाडायचं सर? तुम्ही मला शिकवलंय."

सरांना ही बाई कुठल्याही वर्गात आठवेना.

"चौऱ्याऐंशी साल. सेकंड पीयू, बारावीचं वर्ष. तिसऱ्या बाकावर," त्या म्हणाल्या. "तुम्ही असंच ११९३ फिरवून दाखवलं होतं. आणि वर्गाला म्हणालात, सहा आकडी एक तरी शोधून आणा, मी वाट बघतो. त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. परीक्षेलाही बसले नाही. यजमान गेल्यावर दुपारचा वेळ जाईना, तेव्हा आठवलं. सहा वर्षं लागली. छंद वगैरे काही नाही हो सर, ते यादीत लिहायचं म्हणून लिहिलं. मी गृहपाठ दाखवायला आणला होता."

रस्त्यावरनं बस गेली, दोन पोरी लेसचा भाव विचारून गेल्या. शेवटी सर कसंबसं म्हणाले, "पुढच्या सभेत मी सांगतो सगळ्यांना."

"नको सर. कशाला? लोक विसरले आता." मग बाईंनी काउंटरखालनं वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि लाल पेन पुढं केलं. "तेवढी खूण करता का?"

सरांनी खूण केली. खूण वाकडी आली. सुनंदाबाईंनी पान फुंकरून वाळवलं आणि वही मिटली. बाहेर पडताना सरांना एकदम हलकं वाटलं. बाईच नको म्हणाल्या, आता आपण काय करणार? चौकापर्यंत आले आणि आपण नेमके कशानं सुटल्यासारखे झालो आहोत, हे लक्षात आलं. तिथनं घरापर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

घरी कावेरीबाईंना सगळं सांगितलं, अगदी डस्टरसकट. चाळीस वर्षांच्या संसारात असलं काही सांगायची वेळ आली नव्हती. त्या ओट्यापाशी उभं राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तिची अब्रू हॉलमध्ये घेतलीत आणि माफी दुकानात मागून आलात."

बस्स, एवढंच. परत कणीक मळायला लागल्या.

पुढच्या पहिल्या रविवारी सभेचं कामकाज संपलं तसे सर उठले. फळ्यावर १९३९३९ लिहिलं आणि खाली पाच ओळी. "महिन्यापूर्वी मी सांगितलं की हा आकडा तेरानं जातो. जात नाही. सुनंदाबाईंचं बरोबर होतं. मी चुकलो. आणि छंदांच्या संध्याकाळी याच फळ्यापाशी मला चूक कळली, तरी मी तुमच्यापुढं खोटं बोललो आणि पुसून टाकलं. मला लाज वाटते."

सरांना वाटलं, आता कुणीतरी दूषण देईल. द्यावंच. तेवढ्यात गुरुदत्तनं टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनी. "याला म्हणतात मोठं मन," गुरुदत्त म्हणाला. "एका बाईचं मन राखायला सरांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. कोण करतो हो आजकाल असं?" कुणीतरी "वा सर!" म्हणालं. फत्तेसिंग शेजारच्याच्या कानाशी लागले, पण त्यांचं हळू बोलणंही सगळ्यांना ऐकू जायचं. "सर चुकतील होय तेराच्या पाढ्यात? बाईला वाईट वाटलं असेल, म्हणून."

सर तिथंच उभे. लाज टाकायला आले होते आणि पदरात परत कौतुकच पडत होतं. "अहो, खरंच चुकलो," ते म्हणाले. "भागून बघा की!"

"तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं सर," गुरुदत्त हसत म्हणाला. "भागायचं कशाला?"

"मी सांगितलं म्हणून नको!" सरांचा आवाज फाटला. "मी सांगितलं म्हणूनच तर हे झालं. मी सांगितलं म्हणून तुम्ही हसलात, मी सांगितलं म्हणून त्यांचं नाव खोडलंत. एकानं भागून बघितलं? एकानं?"

चौथ्या रांगेतनं सुनंदाबाई उठल्या. पदर खोचला आणि सरळ फळ्यापाशी आल्या.

"सर, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातनं पेन घेतलं.

सर खाली उतरले. पुढं जागा नव्हती. मागं जाऊन, बाई उठल्या होत्या त्याच खुर्चीत बसले. सुनंदाबाईंनी पाचवी ओळ वेगळी लिहिली, ३९१९३९, डाव्या बाजूला तेरा लिहिले आणि कापड मोजल्यासारखा एकेक आकडा सावकाश खाली उतरवत भागायला लागल्या. मधेच थांबून लोकांना म्हणाल्या, "बघत काय बसलात? तुम्हीही करा."

माना मागं वळल्या, सरांकडं. "सर, करायचं?" गुरुदत्तनं विचारलं.

"माझ्याकडं बघू नका," सर म्हणाले. "त्या सांगतायत ना."

मग कुणी सभेच्या नोटिशीची पाठकोरी बाजू काढली, कुणी मोबाइलच्या बिलावर लिहायला घेतलं, बायकांनी पर्समधली पेनं शोधली. कानडी पाढे पुटपुटल्याचा आवाज हॉलभर सुरू झाला. पहिल्यांदा बोलले ते फत्तेसिंगच, आणि त्यांचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला होता.

"दोन उरतात."

"माझेही दोन," बायकांकडनं कुणीतरी म्हणालं. मागनं आणखी एक, "दोन." उजवीकडनं "दोनच." गुरुदत्तनं कागद दोनदा तपासला आणि सुनंदाबाईंकडं बघून मान हलवली. प्रत्येक 'दोन' सरांना बसत होता. खाली मान घालून ते ऐकत राहिले. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं.

"सरी," सुनंदाबाई म्हणाल्या, "आता सतरानं."